थंडी आधी, चाल नंतर

२ मे

पोचलो एकदाचे! सामान आत आलं, चहा झाला, लंबूचं कपाळ दोन चौकटींवर आपटून झालं, म्हणजे गृहप्रवेश रीतसर पार पडला असं मानायला हरकत नाही. आमचे नवरोबा सहा फुटांच्या पुढे गेलेत आणि जुन्या घरांचे दरवाजे त्यांना विचारून बांधलेले नसतात. अख्खं जग त्याला लंबू म्हणतं, त्याची आईसुद्धा. खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघत नाही.

घर मला पाहताक्षणी आवडलं. गल्लीच्या टोकाला, दुमजली, अरुंद. खाली स्वयंपाकघर, घरमालकीण बाईंची खोली आणि आमची खोली, वर एक लांबच लांब दालन, जिथे मी काम करणार. बाहेर ऊन मी म्हणतंय, रस्त्यावर चप्पल भाजते, आणि या दालनात मात्र मस्त गारवा. लंबू म्हणाला, आता इथून मला कुणी हलवायचं नाही.

काम माझ्या आवडीचं आहे. बाईंच्या मिस्टरांनी आयुष्यभर जुने युद्धखेळ जमवले. मोठ्या खोक्यात घडीचा नकाशा, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहाकोनी घरं, शेदोनशे पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, दोन फासे आणि नियमांचं चोपडं. एक सोंगटी म्हणजे सैन्याची एक तुकडी. असे खेळ दुरुस्त करून मी पोट भरते, हे ऐकून लोक अजूनही विचारतात, आणि खरं काम काय करता?. बाईंना सगळी खोकी ठाकठीक करून एका संग्रहालयाला द्यायची आहेत.

गंमत अशी की या संग्रहात उन्हाळ्यातली एकही लढाई नाही. सगळ्या मोहिमा हिवाळ्यातल्या. गोठलेल्या नद्या, बर्फाने कोंडलेली शहरं, खिंडीतून निघालेल्या उपाशी फौजा. लंबूने खोक्यांवरची चित्रं बघून स्वेटर मागितला. त्याचे विनोद असेच असतात, पण मला हसू येतं. शाळेने कलाशिक्षकाची जागाच काढून टाकल्यापासून तो पहिल्यांदा असा मोकळेपणी बडबडतोय. इथे यायला होकार दिला ते बरंच झालं.

५ मे

कामाची लय सापडली. सकाळी नकाशे. घडीवर फाटलेला कागद मागून पातळ कागदाची पट्टी लावून सांधायचा, वर टीपकागद, त्यावर वजन. लंबू वजनाचं काम करतो, म्हणजे जाड पुस्तकं आणून ठेवतो आणि कामगारांच्या हक्कांवर भाषण देतो.

दुपारी सोंगट्या. जुना पुठ्ठा आधी कोपऱ्यांवर फुलतो. त्याचे पापुद्रे सुटतात, मग एकावर एक रचलेल्या सोंगट्या एकमेकींत अडकतात आणि सगळा ढीग कोसळतो. म्हणून या खेळाचे शौकीन प्रत्येक सोंगटीचे चारही कोपरे नेलकटरने किंचित उडवतात. बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल. मला त्यात फार सुख आहे. टक्, टक्, टक्, टक्, पुढची. आज टेबलावर कोपऱ्यांचा एवढासा ढिगारा जमला तेव्हा लंबू म्हणाला की राणीसरकारांनी, म्हणजे मी, सैन्याची नखं कापली.

बाई कमी बोलतात. पण आज त्या वर येऊन बराच वेळ माझे हात बघत उभ्या होत्या. मला विचारलं, नवी सोंगटी बनवता येते का? अगदी जुनीसारखी? मी म्हटलं, ते तर माझं मुख्य काम.

८ मे

दालनाच्या मधोमध एक मोठं टेबल आहे, चादरीने झाकलेलं. आज कळलं त्याखाली काय आहे ते. दुपारचा चहा झाला की बाई वर येतात, चादर काढतात, थोडा वेळ खेळतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. एकट्याच.

हा खेळ त्यांच्या मिस्टरांनी स्वतः तयार केला. ते भूगोल शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. नकाशा हाताने काढलेला, इतका सुरेख की लंबू वाकून बघताना श्वास घ्यायचा विसरला. एक थकलेली फौज बर्फातून माघारी चालली आहे. गंमत म्हणजे समोर शत्रू नाहीच, शत्रू म्हणजे थंडी. नियमांच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, ‘थंडी आधी, चाल नंतर’. रोज आधी फासे टाकायचे. ज्या तुकडीपर्यंत रसद पोचलेली नाही तिच्या वाट्याला वाईट दान आलं तर सोंगटी उलटायची. उलट्या बाजूला तीच तुकडी फिक्या रंगात, अर्ध्या ताकदीची. पुन्हा वाईट दान आलं की सोंगटी उचलायची आणि पत्र्याच्या थाळीत टाकायची. रसद मिळालेल्या तुकडीला थंडी शिवत नाही.

सोंगट्यांवर आकड्यांबरोबर नावं आहेत. सुतार, भाऊसाहेब, पोस्टमन. मास्तरांचे मित्र, बाई म्हणाल्या. ते सगळे थाळीत आहेत. पटावर दोनच सोंगट्या उरल्यात. उत्तरेच्या कोपऱ्यातल्या गावात एक, तिच्यावर ‘मास्तर’, उलटलेली. आणि रसदीची गाडी, तिच्यावर ‘बेबी’. बेबी म्हणजे बाईंची धाकटी बहीण. ही गाडी कोठारातून गावात आणि गावातून कोठारात, बाई रोज हलवतात.

मला भरून आलं. नवरा गेल्यावर त्याची सोंगटी सांभाळत बसणारी बाई! मी विचारलं, मास्तर जाऊन किती वर्षं झाली? त्या म्हणाल्या, ते गेलेत असं कुणी सांगितलं? बाहेर गेलेत.

मी विषय वाढवला नाही. लंबूने मात्र, स्वभावाप्रमाणे, मध्येच तोंड घातलं की काकू, मलाही घ्या ना खेळात. बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, पुलावरची मागची तुकडी हरवली आहे, तेवढी सोंगटी बनवून मिळाली तर घेऊ.

११ मे

सोंगटी झाली. पुठ्ठ्याचे दोन थर, मधे खळ, वर चहाच्या पाण्याने रंगवलेला कागद म्हणजे जुनेपणा येतो. नाव काय घालू, विचारलं तर बाई म्हणाल्या, ज्या नावाने हाक मारली की माणूस वळून बघतं ते नाव. मग काय, ‘लंबू’! त्याला इतका आनंद झाला की त्याने स्वतःच शाईने अक्षरं गिरवली आणि बाजूला एक उंच शिपाई काढला.

नव्या सोंगटीचे कोपरे धारदार असतात, म्हणून सवयीने उडवले. चौथ्या कोपऱ्याला हात घसरला आणि तो कोपरा जरा जास्तच कापला गेला. मी चुकचुकले. बाई मागेच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, असू दे, त्याने काही मरत नाही.

लंबू दक्षिणेकडच्या पुलावर उभा राहिला. सगळ्यात मागे. दोघे मिळून फासे टाकत बसले. दान चांगलं पडलं, लंबू ओरडला, बाई चक्क हसल्या.

१२ मे

सकाळी लंबूच्या डाव्या हाताच्या चार बोटांची टोकं बधिर होती. हातावर झोपला असशील, म्हटलं. दुपारपर्यंत ती पांढरी पडली. त्याला चहाचा पेला गरम लागला नाही. करंगळीचं टोक तर पार वरच्या पेरापर्यंत पांढरं, दाबलं तर मेणबत्तीसारखं घट्ट.

तो म्हणाला, तुझं नेलकटर आवरून ठेव. म्हणजे विनोद केला. मला हसू आलं नाही.

१४ मे

डॉक्टर चक्रावले. म्हणाले, हे हिमदंशासारखं दिसतं. मग खिडकीबाहेर बघितलं, कपाळावरचा घाम पुसला आणि स्वतःच हसले. बर्फाच्या कारखान्यात काम करतोस का, विचारलं. मलम दिलं, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. दवाखान्यातून घरी येताना भर उन्हात रस्त्यावर लंबूचे दात वाजत होते. लोक वळून बघत होते. मी त्याला धरून चालवत होते, आणि माझ्या हाताला त्याचा दंड शर्टावरूनही गार लागत होता.

संध्याकाळी मी टेबलावरची चादर काढली. त्याची सोंगटी हातात न घेता नुसती पाहिली. चार कोपरे. चौथा जास्त कापलेला.

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. पुन्हा लिहिते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही.

१५ मे

आज बाईंनी फासे टाकले आणि लंबूच्या वाट्याला वाईट दान आलं. तो खाली झोपून होता. बाई सोंगटी उलटायला गेल्या, मी त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, मी नाही उलटली तरी ती उलटेल. मी ऐकलं नाही. फासे काढून घेतले, टेबल झाकलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली.

१६ मे

दार उघडलं. कुलूप जसंच्या तसं. चादर जशीच्या तशी. सोंगटी उलटलेली.

लंबूला सकाळपासून उठवत नाही. निम्मा झालाय. गाल आत गेलेत, ओठ निळे. घरातली सगळी पांघरुणं त्याच्यावर घातली, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. बाटल्या हात लावता लावता गार होतात. त्याच्या बुटांत बर्फ होतं. पलंगाखाली ठेवलेल्या, दोन दिवस न घातलेल्या बुटांत. मी ते ओंजळीत घेतलं आणि वितळेपर्यंत बघत बसले.

१७ मे

वेड्यासारखं केलं. धावत वर गेले आणि ‘लंबू’ पटावरून उचलला. म्हटलं, खेळातच नसेल तर थंडी त्याला शोधणार कशी? खालून धप्प आवाज आला. जाऊन पाहते तर तो जमिनीवर, डोळे उघडे, छाती हलत नाही. जिना कसा चढले आठवत नाही. सोंगटी पुलावर ठेवली आणि खालून खोकला ऐकू आला. तो खोकला ऐकून मी जिन्यातच बसून रडले.

म्हणजे पटावरून उचलणं हेच मरण. मी पंधरा वर्षं हे खेळ दुरुस्त करते, मला हे कळायला हवं होतं. उचललेली सोंगटी म्हणजे मेलेली सोंगटी. दुसरा अर्थच नाही.

सरकवून गावात न्यावी तर तेही नाही. उपाशी तुकडीला चाल नसते. तिने जागेवर थांबायचं.

१८ मे

बाईंना धारेवर धरलं. वाटलं होतं, नाकबूल करतील. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं, जणू मी पाण्याच्या बिलाबद्दल विचारत होते.

मास्तरांनी मित्रांची नावं हौसेने घातली होती. पहिला गेला तेव्हा कुणाला कळलं नाही. दुसरा गेला तेव्हा मास्तरांना कळलं. तोवर सगळी नावं पटावर होती. खेळणं थांबवून पाहिलं, फासे जाळून पाहिले. थंडी आपली येतच राहते. फासे टाकले तर निदान रसद हलवण्याची पाळी मिळते, एवढाच फरक. बाईंना एकदा ताप आला, त्या वर चढू शकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मास्तर उलटलेले होते, आणि त्यानंतर आठवड्याभरात ते बिछान्यातून नाहीसे झाले. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. रसद पोचतेय तोवर तिथे आहेत ते, जिवंत आहेत, त्या म्हणाल्या.

मग माझ्या लंबूला का ओढलंत? मी किंचाळले. त्या म्हणाल्या, एका खेळाडूला एका वेळी एकच तुकडी वाचवता येते, मला वाटलं, दोन माणसं असली तर —

त्यांची नजर पटावरच होती. मला तेव्हा त्यांना ढकलून द्यावंसं वाटलं. हेही लिहून ठेवते.

१९ मे

त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. दोन नर्स, चार डॉक्टर, वर गरम हवेची नळी. चांगली माणसं आहेत, जीव तोडून करतायत. बोटं काळी पडलीत. पापण्यांवर दहिवर जमतं, मी पुसते, पुन्हा जमतं. तो मध्येच जागा झाला. म्हणाला, पूल खूप वाजतोय गं, वाऱ्याने. मी म्हटलं, कुठला पूल, तू माझ्याजवळ आहेस. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिथे कुठून आले ते त्याला कळत नव्हतं.

२० मे

मी तोंड धुवायला गेले होते. तेवढ्यात. पलंग रिकामा. गादी ओली, मधोमध त्याच्या लांबीचा खड्डा. नर्स म्हणते, कुणी बाहेर पडलं नाही.

तो पुलावर आहे. उलटलेला. मी घरी येऊन टेबलाशी बसून आहे. पटाजवळ कान नेला तर वारा ऐकू येतो.

२१ मे

आजच्या दानातून वाचला. थोडक्यात. फासा कडेवर उभा राहिला होता.

बेबीला, म्हणजे गाडीला, पुलाकडे वळवा म्हणून बाईंच्या पाया पडले. खरोखर पडले. एक दिवस त्यांना, एक दिवस आम्हाला. बाईंनी नकाशावर बोट ठेवून दाखवलं. कोठारातून निघालेला रस्ता एका ठिकाणी फुटतो, डावीकडे पूल, उजवीकडे गाव. एकीकडे गेलेली गाडी वेळेत दुसरीकडे येऊच शकत नाही. मास्तरही उलटलेले आहेत. त्यांचंही एकच दान उरलंय.

आणि गाडी बघ, म्हणाल्या. मी प्रथमच ती जवळून पाहिली. पुठ्ठ्याचा नुसता चोथा झालाय. पापुद्रे सुटलेत, नाव पुसत आलंय. कोपरे तर नाहीतच. याला खळ धरणार नाही, मी सवयीने सांगून गेले, नवीच करावी लागेल. बाई मान हलवत राहिल्या.

बेबी कुठे असते, मी विचारलं. रस्त्यावर, म्हणाल्या.

२२ मे

नवी गाडी बनवली. बिननावाची. कोठारात ठेवली, पुलापर्यंत सरकवली. काही नाही. पुठ्ठा, नुसता पुठ्ठा. दान वाईट पडलं असतं तर आज —

तीन आकडा आला. दोन आला असता तर थाळी.

नावाशिवाय काही होत नाही. कुणाचं नाव घालू? शेजारीण? डॉक्टर? रस्त्यावरून जाणारा कुणीही? मी लेखणी घेऊन बसले होते. खिडकीतून एक माणूस दिसला, भाजीच्या पिशव्या घेऊन चाललेला, स्वतःशीच गाणं म्हणत. नाही जमलं. त्याचीही घरी कुणीतरी वाट बघत असेल.

मग एकच नाव उरतं. तो मला मारतो त्या हाकेचं.

पण गाडी आपली आपण हलत नाही. पटावरची सोंगटी खेळाडू हलवतो. मी पटावर गेले तर मला हलवणार कोण?

बाई. दुसरं कोण आहे या घरात.

२३ मे

बाई लगेच हो म्हणाल्या. फार लगेच.

तू बनव, मी नेते तुला पुलापर्यंत. माझा हात हातात घेतला. पहिल्यांदा मला बाळ म्हणाल्या. चहा करून आणला, साखर विचारून. मी शपथ घ्यायला लावली. मास्तरांच्या खुर्चीवर हात ठेवून त्यांनी घेतली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. ते खरं होतं, मी पाहिलं. कुणासाठी होतं ते विचारलं नाही.

मला भीती वाटते. पण तो तिथे एकटा आहे, त्याची बोटं गेलीत, आणि उद्याचं दान उद्या पडणारच. विश्वास ठेवण्याजोगं माणूस शोधायला वेळ नाही. जे आहे ते हेच आहे.

सोंगटी झाली. ‘राणीसरकार’. कोपरे उडवले नाहीत.

ही वही आणि पेन्सिल पोलक्यात खोचून ठेवते. रसद म्हणून काय जातं माहीत नाही. घरात होतं ते सगळं बांधून घेतलंय, ब्रेड, ब्रँडी, त्याचा स्वेटर —

बाई बोलावतायत.

तारीख नाही

थंडी इतकी की पेन्सिल धरवत नाही. दातात धरून, मग दोन्ही तळव्यांत. अक्षर कसंही.

वर आकाश नाही. पांढरं छत. कधी कधी त्यातून सावली येते, मोठी, आणि मग माझे पाय चालायला लागतात. मी चालवत नाही. पाठीवर ओझं आहे ते वजनदार आहे. बरं आहे. म्हणजे खायला आहे. त्याला पुरेल.

रस्त्याच्या कडेला एक बाई बसली होती. बर्फात. म्हातारी, चेहरा झिजलेला, नाक-कान कुठे ते कळत नाही. मी विचारलं, बेबी? तिने मान वर केली. काहीतरी बोलत होती, आवाज नव्हता. माझा हात धरत होती, मागे ओढत होती. बोटं नव्हती तिला धरायला.

पाय निघाले. तिला तिथेच —

पुन्हा सावली. पुन्हा चाल.

रस्ता फुटतो तिथे आले. डावीकडे पूल दिसतो. खरंच दिसतो! त्यावर एक उंच काळी रेघ. उभा आहे. उभा आहे तो! लंबू! ओरडले. त्याने ऐकलं. हात वर केला. हाक मारली, राणीसरकार, वाऱ्यातून नीट ऐकू आली. हसतोय. मला ठाऊक आहे तो हसतोय.

सावली आली. आता डावीकडे.

पाय उजवीकडे पडला.

बाई, चुकलं. पूल डावीकडे. बाई. सरकवताना हात चुकला असेल, म्हातारा हात, मागे घ्या, एकच घर मागे —

पुन्हा उजवीकडे.

बाई शपथ घेतली होती तुम्ही. दोघांना पुरेल, इतकं आहे पाठीवर, अर्धं तुमच्या त्यांना द्या, आधी त्याला, त्याचं एकच दान —

मी खाली पडून पाहिलं. पडलेलीही सरकतेय. नखं रुतवली बर्फात. चार रेघा उमटल्या नुसत्या.

तो पुलावरून हाका मारतोय. लहान दिसायला लागलाय. त्याला वाटतंय मला दिसला नाही, म्हणून दोन्ही हात हलवतोय. इकडे गं, म्हणतोय, इकडे, मी इथे आ

वर फासे वाजले. आधी थंडी. बाई थांबा, बाई अजून टाकू नका, मी पोचले नाही त्याच्या —